पहिलं धिरडं कुणी केलं?



तीस-पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. सनावळ्या, लढाया, तह यांवर मुलांनी हजार प्रश्न विचारले. पण माझ्या सहा वर्षांच्या नातीने मागच्या रविवारी जो प्रश्न विचारला, तो वर्गात कधी कुणी विचारला नव्हता. ती म्हणाली, "आजोबा, पहिलं धिरडं कुणी केलं?"

दर रविवारी सकाळी ती आणि मी धिरडी करतो. आमचं प्रमाण सोपं आहे. एक वाटी ज्वारीचं पीठ, दोन मोठे चमचे बेसन, थोडी तांदळाची पिठी, मीठ, हळद, जिरं, कोथिंबीर. मिरची वाटून वेगळी ठेवायची आणि मोठ्यांच्या वाट्याच्या पिठातच घालायची. पाणी थोडं थोडं घालत पीठ सरसरीत भिजवायचं. गुठळ्या मोडायचं खातं नातीकडे, तव्याचं माझ्याकडे. पीठ पंधरा मिनिटं मुरलं की बिडाच्या तव्यावर पाण्याचा हबका मारायचा. चर्र वाजलं की तवा तापला. मग तेल फिरवून कडेकडून आत असं ओतायचं आणि झाकण ठेवायचं. जाळी पडली, कड सुटली की नात ओरडते, "उलटा!" पहिलं धिरडं बहुधा तव्याला चिकटतं. तेही आम्ही खातो.

आता तिच्या प्रश्नाकडे वळू.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. या ग्रंथात राजाच्या जेवणावरही मजकूर आहे. त्यात मांडे आहेत, आणि 'धोसक' नावाचा पदार्थही आहे. डाळी भिजवून वाटायच्या आणि ते पीठ तेल लावलेल्या तव्यावर पसरून भाजायचं. म्हणजे आपल्या धिरड्याचा भाऊच की! पण हे लिहिलं गेलं ते स्वयंपाकघर राजाचं होतं म्हणून. त्याच दिवशी एखाद्या झोपडीत कुणी काय भाजलं, याची नोंद कोण करणार? पहिलं धिरडं करणाऱ्या बाईचं नाव कुठल्या शिलालेखात नाही की बखरीत नाही.

तरी धिरडं स्वतःच थोडाफार इतिहास सांगतं. आपण जिला अस्सल देशी समजतो ती ज्वारी मूळची आफ्रिकेतली. ती हजारो वर्षांपूर्वी इकडे आली आणि दख्खनच्या काळ्या मातीत रुजली. मिरची मात्र अमेरिकेतली. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला, त्यानंतर पोर्तुगीजांनी ती आणली. ज्ञानेश्वरी १२९० ची. तेव्हा महाराष्ट्रात कुणी हिरवी मिरची पाहिलीही नव्हती. तिखटपणा मिरीचा आणि आल्याचा. हे ऐकून नात खूश झाली. "म्हणजे माझं धिरडं जास्त जुनं!" म्हणाली. बरोबरच आहे.

पण मला खरं सांगायचं आहे ते याच्या पुढचं. धिरडं टिकलं का?

ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून भाकरीचं पीठ गरम पाण्यात मळावं लागतं. पीठ जुनं झालं, त्याची विरी गेली, की भाकरी थापताना चिरते. धिरड्याला हे काही लागत नाही. ते थापायचं नाही, ओतायचं. पीठ कसलंही असो, जरा कमी असो, पाणी घालून तव्यावर पसरलं की पोटाला आधार होतो. मांडे मनातही खाता येतात. नडीला उपयोगी पडतं ते धिरडं.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. १९७२ साली मी बावीस वर्षांचा होतो, गाव बार्शीकडचं. आधीची दोन वर्षंही पावसाने ओढ दिली होती, त्या वर्षी तर कहर झाला. विहिरी आटल्या, जनावरं विकली गेली. आई-वडील दोघंही खडी फोडायला जात. सुट्टीत मीही गेलो. राज्याची लोकसंख्या १९७१ च्या जनगणनेत पाच कोटींच्या आसपास होती, आणि १९७३ च्या उन्हाळ्यात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. म्हणजे दहातलं एक माणूस! वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना याच काळात उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला.

रेशनवर तेव्हा अमेरिकेतली तांबडी ज्वारी मिळे, 'मिलो'. तिला वास यायचा. लोक म्हणायचे, तिकडे ही जनावरांना घालतात. भाकरी थापायला गेलं की तिचे तुकडे पडत. दोन दिवस आई तुकडेच वाढत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने पिठात पाणी ओतलं, मीठ घातलं आणि धिरडी केली. तेल जवळपास नव्हतंच. कापडाची चिंधी तेलात बुडवून तव्यावरून फिरवायची, तीच चिंधी आठवडाभर. आईला अक्षरओळख नव्हती. तिची कृती कुठे लिहिलेली नाही, ती माझ्या हातात आहे.

हे सगळं सहा वर्षांच्या मुलीला सांगावं का, याचा मी बराच विचार केला. सूनबाई म्हणाली, "बाबा, एवढ्यात नको, घाबरेल ती." तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण १९७२ पाहिलेली माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत. आम्ही नाही सांगितलं तर पाठ्यपुस्तकातली एखादी ओळ उरेल, तीही परीक्षेपुरती. शेवटी सांगितलं, भीती वाटणार नाही असं, पण खोटं काही न घालता.

तिने विचारलं, "तुम्हाला आवडायचं ते?"

म्हटलं, "नाही गं. कुणालाच आवडायचं नाही. पण आई गरम वाढायची."

ती जरा गप्प राहिली आणि मग पातेल्याच्या कडेचं पीठ बोटाने निपटून पळीत घालू लागली. समजून केलं की खेळ म्हणून, मी विचारलं नाही.

असो. कोकणात घावन, आंबोळी, आमच्याकडे धिरडं. तुमच्या घरी काय म्हणतात आणि तुम्हाला ते कुणी शिकवलं, जरूर कळवा. शिकवणाऱ्या बाईचं नावही लिहा. आमच्या आईचं नाव होतं सरूबाई.