विंडोज एक्सपी : अपडेट मिळण्यातील अडचणी

मायक्रोसॉफ्टची ही ऑपरेटिंग सिस्टिम २५ ऑक्टोबर २००१ रोजी विक्रीस आली. तिचा पूर्ण सपोर्ट १४ एप्रिल २००९ रोजी आणि सुरक्षेपुरता सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. बहुतेक संदर्भग्रंथ तिची हकीकत या दुसऱ्या तारखेला संपवतात. अपडेटच्या दृष्टीने पाहिले तर ती तारीख मधला एक टप्पा ठरते. सर्वांसाठी नियमितपणे नवी अपडेट निघणे त्या दिवशी थांबले. आधीच तयार असलेली अपडेट जुन्या संगणकापर्यंत पोचणे मात्र त्यानंतर हळूहळू, एकेक सांधा निखळत, कठीण होत गेले. नवी दुरुस्ती लिहिणे आणि जुनी दुरुस्ती उपलब्ध ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांच्या खर्चात मोठे अंतर आहे. पहिले काम थांबवण्याचा निर्मात्याचा हक्क मान्य केला, तरी दुसरे थांबवण्याचा हक्क त्यातून आपोआप निघत नाही. प्रस्तुत नोंदीत एक्सपीचा इतिहास या भूमिकेतून मांडला आहे.

अपडेटची यंत्रणा : एक्सपीला अपडेट दोन वाटांनी मिळत. एक म्हणजे इंटरनेट एक्स्प्लोररमधून विंडोज अपडेटच्या पानावर जाणे; ते पान अ‍ॅक्टिव्हएक्स घटकावर चालत असल्याने तेथे दुसरा ब्राउझर उपयोगी पडत नसे. दुसरी वाट ऑटोमॅटिक अपडेट्स या पडद्यामागे चालणाऱ्या सेवेची. दोन्हींत क्रम तोच : सर्व्हरशी जोडणी करायची, उपलब्ध अपडेटची यादी घ्यायची, संगणकात त्यांतील काय आहे आणि काय नाही हे ताडून पाहायचे, फाइल उतरवायची, तिच्यावरची डिजिटल सही पडताळायची आणि मग ती बसवायची. पुढच्या काळात यांतला जवळजवळ प्रत्येक टप्पा कधी ना कधी मोडला, म्हणून हा क्रम ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर हा वर्म पसरला, तेव्हा त्याला अडवणारी दुरुस्ती जुलैच्या मध्यापासून उपलब्ध होती. तयार असलेली दुरुस्ती संगणकांवर पोचलेली नव्हती, ही अडचण तेव्हाच उघड झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अपडेट देण्याची पद्धत सुरू झाली, आणि ऑगस्ट २००४ च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने (अपडेटच्या एकत्रित संचाने) फायरवॉल मुळातच चालू ठेवली व आपोआप अपडेट घेण्याचा आग्रह धरला.

तिसरा व अखेरचा सर्व्हिस पॅक २००८ चा. त्याची स्वतंत्र फाइल सुमारे ३१६ एमबीची होती. भारताच्या २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हटले होते. तो वेग अखंड मिळाला तरी ही एक फाइल उतरवायला पावणेतीन तासांच्या आसपास वेळ लागे. डाउनलोडवर मर्यादा असलेल्या जोडणीत महिन्याच्या कोट्याचा मोठा भाग त्यातच संपे. शिवाय २००१ च्या मूळ सीडीवरून बसवलेल्या एक्सपीवर तिसरा पॅक थेट बसत नाही. आधी पहिला किंवा दुसरा पॅक लागतो. म्हणूनच अपडेट एकदा गोळा करून सीडीवर वा पेनड्राइव्हवर नेण्याची सोय ही केवळ हौशी लोकांची गरज नव्हती. ऑटोपॅचर नावाचा असा एक तयार संच लोकप्रिय होता. ऑगस्ट २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सांगण्यावरून त्याचे वितरण थांबले. पुढे फाइल थेट मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरूनच उतरवणाऱ्या रूपात तो परत आला. फाइलमध्ये इतर कोणी ढवळाढवळ करू नये हे कारण रास्त आहे. पण त्या निर्णयाने एक गोष्ट पक्की केली : जुनी अपडेट मिळण्याचा एकमेव उगम निर्मात्याचा सर्व्हर राहिला. उगम एकच ठेवला की तो वाहता ठेवण्याची जबाबदारीही निर्मात्यावर येते.

२०१३ मधील बिघाड : सपोर्ट चालू असतानाही यंत्रणा कशी कोलमडू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण हेच आहे. २०१३ च्या उत्तरार्धात अनेक एक्सपी संगणक सुरू होताच अडखळू लागले. टास्क मॅनेजर उघडला की एसव्हीसीहोस्ट या नावाची प्रक्रिया प्रोसेसरचा सगळा वेळ खात असलेली दिसे, आणि हा प्रकार पंधरा मिनिटांपासून तासाहून अधिक काळ चाले. हे व्हायरसचे काम नव्हते. अपडेट शोधणारा क्लायंटच त्यात अडकलेला असे. इंटरनेट एक्स्प्लोररचे प्रत्येक एकत्रित अपडेट आधीच्याला बाद ठरवी, आणि वर्षानुवर्षांच्या अशा बाद अपडेटची साखळी चाळीसच्या घरात पोचली होती. साखळी तपासण्याची पद्धत अशी होती की प्रत्येक नव्या कडीबरोबर काम दुपटीच्या प्रमाणात वाढे. छोट्या साखळीत हे कोणाच्या ध्यानात आले नाही. लांब साखळीत संगणक वापरण्याजोगा राहिला नाही. मायक्रोसॉफ्टने कालबाह्य नोंदी यादीतून काढायचे ठरवले, पहिले प्रयत्न पुरेसे पडले नाहीत आणि जानेवारी २०१४ मध्ये अडचण सुटली. सपोर्ट संपायला तेव्हा तीन महिने उरले होते. या काळात कंटाळून ऑटोमॅटिक अपडेट्स बंद करणाऱ्याला निष्काळजी म्हणणे अन्यायाचे आहे. संगणक चालू ठेवायला त्याच्या हाती तेवढाच उपाय होता.

सपोर्ट संपल्यानंतर : एप्रिल २०१४ मध्ये इंटरनेटवरील डेस्कटॉप संगणकांपैकी चौथ्या हिश्शाच्या आसपास अजून एक्सपीवर होते. १ मे रोजी इंटरनेट एक्स्प्लोररच्या एका गंभीर सुरक्षाछिद्रासाठी मायक्रोसॉफ्टने एक्सपीलाही दुरुस्ती दिली. नव्या दुरुस्त्या लिहिणे तर थांबलेच नव्हते. पैसे मोजणाऱ्यांसाठी त्या तयार होत होत्या. ब्रिटिश सरकारने एका वर्षासाठी सुमारे ५५ लाख पौंडांचा आणि अमेरिकी नौदलाने २०१५ मध्ये ९१ लाख डॉलरचा करार केला. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा वर्म पसरला आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतील रुग्णालयांचे काम विस्कळीत झाले, तेव्हा एक्सपीसाठीची दुरुस्ती लगेच सर्वांना खुली करण्यात आली. तिच्या डिजिटल सहीवरची तारीख फेब्रुवारी २०१७ ची होती, म्हणजे फाइल हल्ल्यापूर्वीच तयार होती. मे २०१९ मध्ये ब्लूकीप या छिद्रासाठी पुन्हा अशीच दुरुस्ती आली. ती मात्र मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉग या संकेतस्थळावरून स्वतः शोधून, उतरवून बसवावी लागे.

दुकानांतील बिलिंग यंत्रांसाठीच्या पीओएसरेडी २००९ या एक्सपीच्याच भावंडाचा सपोर्ट ९ एप्रिल २०१९ पर्यंत होता. रजिस्ट्रीत एक नोंद घातली की साधी एक्सपी स्वतःला पीओएसरेडी म्हणवून ही अपडेट घेई. साध्या एक्सपीवर त्यांची चाचणी झालेली नाही, असा इशारा मायक्रोसॉफ्टने दिला होता आणि तो गंभीरपणे घ्यावा असाच होता.

मार्ग बंद होणे : फाइलवरची सही आणि सर्व्हरची ओळख पटवण्यासाठी एक्सपीच्या पिढीत एसएचए-१ ही हॅशपद्धत, म्हणजे फाइलचा ठरावीक लांबीचा ठसा काढण्याची रीत, वापरली जाई. फेब्रुवारी २०१७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधनसंस्था आणि गूगल यांनी एकच एसएचए-१ हॅश असलेल्या दोन वेगळ्या फाइल तयार करून दाखवल्या. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने विंडोज अपडेटमध्येही अधिक भक्कम एसएचए-२ कडे मोहरा वळवला. ऑगस्ट २०२० च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या डाउनलोड सेंटरवरून एसएचए-१ सही असलेल्या फाइल काढल्या गेल्या आणि जुन्या क्लायंटना उत्तर देणारे विंडोज अपडेटचे सर्व्हरही बंद झाले. आज सीडीवरून नव्याने बसवलेल्या एक्सपीचे काय होते, ते पायरीपायरीने पाहण्यासारखे आहे. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल बहुधा संपलेला असतो, त्यामुळे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते आणि सर्व्हरचे सर्टिफिकेट अजून लागूच झालेले नाही असे संगणक समजतो. घड्याळ लावले तरी इंटरनेट एक्स्प्लोरर ६ मध्ये टीएलएस १.० या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीची खूण मुळात काढलेलीच असते. ती केली तरी आजच्या बहुतेक साइटना टीएलएस १.२ लागते आणि एक्सपीच्या अंगभूत यंत्रणेला ते येत नाही. दुसरा ब्राउझर घ्यायचा म्हटला, तरी क्रोमची एक्सपीवर चालणारी शेवटची आवृत्ती ४९ वी, फायरफॉक्सची ५२ वी. हे सारे ओलांडून क्लायंट सर्व्हरपर्यंत गेला, तरी समोर उत्तर देणारे कोणी नाही. यांपैकी एकाही पायरीचा एक्सपीच्या नव्या छिद्रांशी संबंध नाही. २००४ किंवा २००८ मध्ये लिहून, तपासून, मोफत वाटलेली दुरुस्तीच येथे हाती लागत नाही.

आक्षेप आणि उत्तरे : सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षेचा आहे. कमकुवत सहीचा मार्ग उघडा ठेवणे म्हणजे हल्लेखोराला दार देणे, हे म्हणणे कल्पनेवर उभे नाही. २०१२ मध्ये उघडकीस आलेल्या फ्लेम या मालवेअरने एसएचए-१ च्याही आधीच्या एमडी५ हॅशमधील दोष वापरून मायक्रोसॉफ्टची वाटेल अशी खोटी सही बनवली होती आणि विंडोज अपडेटचे सोंग घेऊन स्थानिक नेटवर्कवर पसरण्याची सोय साधली होती. म्हणून जुना मार्ग तसाच चालू ठेवावा, असे येथे म्हणणे नाही. सही विश्वासार्ह उरली नसेल, तर त्याच फाइलची एसएचए-२५६ हॅश प्रसिद्ध करता येते. नव्या संगणकावर फाइल उतरवून, हॅश ताडून, ती जुन्या संगणकावर नेता येते. अपडेट कॅटलॉगमध्ये एक्सपीच्या पुष्कळ फाइल आजही आहेत, म्हणजे साठवणूक हा अडथळा नाही. उणीव आहे ती पूर्ण, क्रमवार आणि पडताळता येईल अशा एका संचाची.

दुसरा आक्षेप असा की अशी सोय दिली तर लोक जुन्यालाच चिकटून राहतील. लोक एक्सपीवर का राहिले हे पाहिले तर हा तर्क टिकत नाही. कारखान्यातील सीएनसी यंत्र, प्रयोगशाळेतील उपकरण किंवा समांतर पोर्टला लावायचे डाँगल यांचे ड्रायव्हर पुढच्या विंडोजसाठी निघालेच नाहीत, तर अपडेट अडवल्याने ते यंत्र नवे होत नाही. ते असुरक्षित मात्र राहते. तिसरा आक्षेप वॉनाक्रायच्याच आकड्यांवरून घेतला जातो : कॅस्परस्कीच्या पाहणीनुसार लागण झालेल्या संगणकांपैकी ९८ टक्के विंडोज ७ वर चालणारे होते, एक्सपीचे प्रमाण नगण्य होते. आकडा खरा धरावा. पण विंडोज ७ साठीची दुरुस्ती १४ मार्च २०१७ पासून मोफत मिळत होती आणि तरीही ती त्या संगणकांवर पोचली नव्हती. दुरुस्ती तयार असणे आणि ती बसलेली असणे यांतील अंतर जीवघेणे ठरते, हाच त्या आकड्याचा अर्थ आहे. साडेबारा वर्षांचा सपोर्ट हा या व्यवसायात दीर्घच म्हणावा लागेल, आणि त्याबद्दल मायक्रोसॉफ्टला श्रेय दिले पाहिजे; त्याने वरील प्रश्न मात्र सुटत नाही.

भारत व महाराष्ट्र : बँकांच्या एटीएममध्ये एक्सपीचा वापर मोठा होता. मुंबईस्थित रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१७ मध्ये बँकांना याबाबत चिंता कळवली. पुरेशी हालचाल न दिसल्याने २१ जून २०१८ च्या परिपत्रकात मुदती घातल्या. सप्टेंबर २०१८ पर्यंत २५, डिसेंबरपर्यंत ५०, मार्च २०१९ पर्यंत ७५ आणि जून २०१९ पर्यंत १०० टक्के एटीएम सपोर्ट असलेल्या प्रणालीवर नेणे बंधनकारक झाले. त्यापूर्वी, ऑगस्ट २०१८ पर्यंत, बायोस पासवर्ड घालणे, यूएसबी पोर्ट व ऑटोरन बंद करणे आणि ताजी अपडेट बसवणे अपेक्षित होते. सपोर्ट संपून चार वर्षे झालेल्या एक्सपीवर ताजे अपडेट कोठून आणायचे, हा या शेवटच्या अटीतील पेच होता.

मराठी मजकुराच्या कामातही एक्सपी दीर्घकाळ टिकली. एक्सपीत देवनागरी युनिकोड आणि मंगल फाँट होता, पण तो सुरू करण्यासाठी कंट्रोल पॅनेलच्या रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये जाऊन गुंतागुंतीच्या लिप्यांची खूण करावी लागे आणि संगणक मूळ सीडी मागे. सीडी हरवलेली असली की मराठी तेथेच अडे. छपाईच्या दुकानांत एक्सपीवर युनिकोड न जाणणारा पेजमेकर आणि पुण्यातच घडलेली श्रीलिपीसारखी फाँट-सॉफ्टवेअरे यांची घडी बसलेली होती. १५ जुलै २०१० रोजी ₹ हे रुपयाचे चिन्ह स्वीकारले गेले. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी दिलेले अपडेट व्हिस्टा आणि विंडोज ७ यांच्या पिढीसाठी होते, एक्सपीसाठी नाही. एक्सपीला त्या वेळी फक्त सुरक्षेची अपडेट मिळत होती.

६४-बिट आवृत्ती (२००५) : तिला तिसरा सर्व्हिस पॅक निघाला नाही.

सद्यःस्थिती : २०२२ पासून लेगसी अपडेट हा स्वयंसेवी प्रकल्प जुन्या क्लायंट आणि मायक्रोसॉफ्टचे सर्व्हर यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करून एक्सपीला मूळ अपडेट मिळवून देतो. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने बंद केलेले काम तांत्रिकदृष्ट्या शक्य होते, याचा हा चालता पुरावा आहे. त्याच वेळी आपला संगणक तिसऱ्याच्या भरवशावर सोडावा लागतो, ही त्यातली जोखीमही खरी आहे. विंडोज ७ ची अवस्था यापेक्षा बरी आहे. तिचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० रोजी संपला असला, तरी पहिला सर्व्हिस पॅक आणि २०१९ मधील केबी ४४९०६२८ व केबी ४४७४४१९ ही दोन अपडेट हाताने बसवली की एसएचए-२ सही ओळखता येते आणि नेहमीच्या मार्गाचा अडथळा दूर होतो. एक्सपीच्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये सर्टिफिकेटवरची एसएचए-२ सही वाचण्याची क्षमता होती. तिच्या अपडेट क्लायंटसाठी मात्र असा दुवा दिला गेला नाही.