इरिओमोटे मांजर

जपानच्या र्‍यूक्यू द्वीपसमूहातील इरिओमोटे या सु. २८९ चौ. किमी. क्षेत्रफळाच्या बेटावरच आढळणारे लहान रानमांजर. बेटवासीयांना ते पूर्वीपासून परिचित होते. शास्त्रज्ञांना मात्र १९६५ मध्ये तोगावा युकिओ या लेखकामुळे त्याचा पत्ता लागला. इमाइझुमी योशिनोरी यांनी १९६७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्रजातीच कल्पिली. ती टिकली नाही. सह्याद्रीतही आढळणाऱ्या वाघाटीची ही उपजाती होय, असे आता मानतात.

गळ्यात रेडिओ-प्रेषक अडकवून केलेल्या पाहणीमुळे त्याच्या वावराची नेमकी कल्पना आली. नराचे वावरक्षेत्र सरासरीने सु. ३ चौ. किमी. असून मादीचे त्याहून लहान असते. नराच्या क्षेत्रात एक वा अधिक माद्यांची क्षेत्रे येतात. दोन शेजारी नरांच्या किंवा दोन माद्यांच्या क्षेत्रांचे गाभे मात्र सहसा एकमेकांत शिरत नाहीत. मूत्राचे फवारे व विष्ठा ही हद्दीची खूण. बेटावर मूळचे उंदीर नसल्याने बेडूक, सरडे, पक्षी, कीटक इ. भक्ष्यांवर त्याची गुजराण चालते. हे भक्ष्य किनाऱ्यालगतच्या दमट सखल प्रदेशात विपुल असते आणि दुर्दैवाने शेती व हमरस्ताही तेथेच आहेत. १९७७ मध्ये ‘विशेष नैसर्गिक स्मारक’ म्हणून संरक्षण मिळाले, तरी वाहनांखाली मांजरे मरतच राहिली. रस्त्याखालून त्यांच्यासाठी भुयारे काढण्यात आली आहेत. एकूण संख्या जेमतेम १०० असल्याने प्रौढ मादीचे एक क्षेत्र ओस पडणे हीदेखील मोठी हानी ठरते.