वायफाय रुसले तर... जुना संगणक भंगारात काढण्यापूर्वी

इस्लामपूर : दहा-बारा वर्षे जुना डेस्कटॉप संगणक, त्याच्या पाठीमागे खोचलेला अंगठ्याएवढा वायफाय अडॅप्टर आणि पडद्यावर 'नो इंटरनेट' हा संदेश. शासनाने २०२५ मध्ये ईश्वरपूर असे नवे नाव जाहीर केलेल्या या शहरात आणि भोवतालच्या वाळवा तालुक्यात हे दृश्य नवे नाही. बारावीनंतरच्या प्रवेशाचे पर्याय भरण्याची मुदत संपत आली, की ते विशेष जाणवते. 'आता नवीनच घ्या' हा सल्ला अशा वेळी सहज मिळतो. प्रत्यक्षात दोष बहुधा अडॅप्टर, हवेतील लहरी, राउटर किंवा घराबाहेरील जोडणी यांपैकी एका ठिकाणी असतो. तो नेमका कोठे आहे, हे खिशात हात घालण्यापूर्वी ठरविता येते.

मुळात संगणक हवाच का, हा प्रश्नही या परिसराला नवा नाही. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा परिसरातील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प १९९८ मध्ये सुरू झाला. पुढे याच परिसरातील सात गावांत मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागाने आठ महिने प्रयोग करून, ऊस उत्पादकांसाठी गावातील संगणक करीत असलेले काम मोबाइलच्या एसएमएसवर करून दाखविले. खर्च कमी झाला आणि शेतकऱ्यांनाही ही पद्धत अधिक पसंत पडली, असा निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. जे काम मोबाइलवर होते, त्यासाठी जुन्या यंत्राशी झटापट करण्यात अर्थ नाही. लांबलचक अर्ज, दुकानाचे हिशेब, छपाई यांना मात्र मोठा पडदा आणि कीबोर्ड लागतोच. पुढील खटाटोप त्यांच्यासाठी आहे.

पहिली कसोटी मोबाइलची. मोबाइल त्याच वायफायला जोडावा, त्याचा स्वतःचा डेटा बंद करावा (हे विसरल्यास कसोटीच फसते) आणि एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. तेथेही ते उघडत नसेल तर संगणकाला हात लावण्याचे कारण नाही. फायबरच्या पेटीवर 'एलओएस' असे लिहिलेला लाल दिवा लागला असेल तर फायबरमधून प्रकाशच पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ. रस्त्याच्या खोदाईत फायबर तुटल्यावर हेच घडते. त्यावर सेवा पुरविणाऱ्याकडे तक्रार हाच उपाय. वीज वारंवार गेली-आली असेल तर पेटी व राउटर दोन्ही बंद करून आधी पेटी आणि दोन मिनिटांनी राउटर सुरू करावा.

मोबाइलवर चालते, संगणकावर नाही, असे दिसल्यास संगणक लॅन केबलने थेट राउटरला जोडावा. केबलने सारे सुरळीत चालले तर दोष केवळ वायफायच्या भागात आहे. डेस्कटॉप काही घरभर फिरत नाही आणि अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते. भिंतीला छिद्र पाडण्याची तयारी असेल तर ती केबल तशीच कायम ठेवावी. वायफायचा प्रश्नच उरत नाही.

ते शक्य नसल्यास संगणकाला आपल्या वायफायचे नाव दिसते का, ते पाहावे. शेजाऱ्याचे दिसते आणि आपले नाही, असे असेल तर राउटरच्या सेटिंगकडे वळावे. जुने अडॅप्टर बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ओळखतात; नवा राउटर केवळ ५ गिगाहर्ट्झवर ठेवला असेल तर त्यांच्या दृष्टीने तो नाहीच. २.४ मध्येही १२ किंवा १३ क्रमांकाचा चॅनेल काही अडॅप्टरांना दिसत नाही. १, ६ किंवा ११ ठेवावा. नाव दिसते, पासवर्ड बरोबर आहे, तरी जोडणी नाकारली जात असेल तर सुरक्षेचा प्रकार 'डब्ल्यूपीए ३' आहे का, ते तपासावे. ही पद्धत २०१८ ची. तिच्याआधीच्या अडॅप्टरसाठी 'डब्ल्यूपीए २' निवडावी.

नाव दिसते, पण जोडणी सतत तुटत असेल तर सर्वांत मोठा संशयित म्हणजे अडॅप्टरची जागा. सीपीयूची लोखंडी पेटी टेबलाखाली, अडॅप्टर तिच्या मागे, त्यामागे दगडी भिंत आणि वाटेत लोखंडी कपाट. लहरींनी यावे तरी कोठून? एक-दोन मीटरची यूएसबी एक्स्टेंशन केबल घेऊन अडॅप्टर टेबलावर, उंच आणि मोकळ्या जागी ठेवावा. नवा, महागडा अडॅप्टर आणण्यापूर्वी हा स्वस्त उपाय करून पाहावाच. सीपीयूच्या पुढील बाजूचे यूएसबी पोर्ट जुन्या यंत्रात कधी कधी पुरेशी वीज देत नाहीत, मागचे वापरावेत.

कोणतेच नाव दिसत नसेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडावा. पिवळे चिन्ह दिसल्यास ड्रायव्हर नाही. इंटरनेट नाही म्हणून ड्रायव्हर उतरविता येत नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून इंटरनेट नाही, या पेचातून अँड्रॉइड मोबाइल सोडवितो. तो डेटा केबलने संगणकाला जोडून 'यूएसबी टेदरिंग' सुरू केले, की तेवढ्यापुरते इंटरनेट मिळते.

वायफाय जोडले गेले, पण काहीच उघडत नाही, हा प्रकार अधिक चकवणारा. पूर्वीच्या ब्रॉडबँडच्या काळात तंत्रज्ञाने हाताने भरून ठेवलेला आयपी पत्ता आणि डीएनएस अनेक जुन्या संगणकांत तसाच राहिलेला असतो. तो काढून दोन्ही ठिकाणी 'आपोआप मिळवा' हा पर्याय निवडावा. त्यानंतरही पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. राउटर पुन्हा सुरू करावा.

सर्व काही ठीक, गूगल मात्र 'जोडणी सुरक्षित नाही' म्हणते, असे झाल्यास आधी पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख वाचावी. मदरबोर्डवर 'सीआर २०३२' नावाची नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली, की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. संकेतस्थळांच्या सुरक्षा प्रमाणपत्रांना ठरावीक मुदत असते आणि मागच्या काळात गेलेल्या संगणकाच्या लेखी आजचे प्रमाणपत्र अद्याप जन्मालाच आलेले नसते. परिणामी वायफाय निर्दोष असूनही दोष त्याच्यावर येतो. तारीख दुरुस्त करून पाहावी. रोज मागे जात असेल तर बॅटरी बदलावी. ती शंभर रुपयांच्या आत मिळते.

एक सावधगिरी मात्र हवी. विंडोज एक्सपीचा आधार २०१४ मध्ये, विंडोज ७ चा जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा यंत्रावर इंटरनेट सुरू झाले तरी बँकेचे व्यवहार टाळावेत. यंत्र धडधाकट असेल तर त्यावर हलकी लिनक्स प्रणाली विनामूल्य बसविता येते.

एवढे करूनही दुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढावी लागली तर अडॅप्टर सोबत न्यावा आणि केबलने इंटरनेट चालते की नाही, हे दुकानदाराला आधीच सांगावे.