तेवीस वाद्ये आणि एक जळालेले नाट्यगृह

१/ ऑक्टोबर १९४३ च्या आरंभी ब्रिटिश बॉम्बफेकीत म्युनिकचे राष्ट्रीय नाट्यगृह जळून खाक झाले. याच शहरात १८६४ साली जन्मलेले संगीतकार रिखार्ड श्ट्राउस तेव्हा ७९ वर्षांचे होते. त्यांच्या वडिलांनी या नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात चार दशकांहून अधिक काळ हॉर्न वाजवला होता. वाग्नरच्या ‘ट्रिस्टान’चा पहिला प्रयोगही १८६५ मध्ये इथेच झाला.

२/ फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनचे ऑपेरागृह नष्ट झाले. श्ट्राउस यांची ‘सालोमे’ आणि ‘एलेक्ट्रा’ प्रथम तेथेच रंगमंचावर आली होती. १२ मार्च रोजी व्हिएन्नाचे ऑपेरागृह पेटले. त्याचे ते एकेकाळी संचालक होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ‘मेटामॉर्फोझेन’ची संपूर्ण संहिता लिहावयास घेतली आणि १२ एप्रिलला ती पूर्ण केली. जर्मनीची शरणागती महिन्यापेक्षाही कमी अंतरावर होती.

३/ रचना केवळ तंतुवाद्यांची : १० व्हायोलिन, ५ व्हायोला, ५ चेलो, ३ डबल बास. एरवी अशा वृंदात अनेक वादक एकच ओळ एकत्र वाजवतात. येथे मात्र २३ वादकांना २३ स्वतंत्र ओळी आहेत. ते कधी एकवटतात, कधी विखुरतात. वडिलांच्या हॉर्नला येथे स्थान नाही.

४/ अखेरीस खालच्या स्वरांत बेथोवेनच्या ‘इरोइका’तील शोकयात्रेची धून उमटते. तेथे श्ट्राउस यांनी ‘इन मेमोरियम’, म्हणजे ‘स्मरणार्थ’, असे लिहिले. कोणाच्या स्मरणार्थ, हे मात्र लिहिले नाही.

५/ इतिहासाचा प्रश्न येथूनच सुरू होतो. १९३३ ते १९३५ या काळात श्ट्राउस नाझी राजवटीच्या संगीत मंडळाचे अध्यक्ष होते. ज्यू लेखक श्टेफान त्स्वाइग यांना लिहिलेले त्यांचे पत्र गेस्टापोच्या हाती लागले आणि त्यांना ते पद सोडावे लागले. त्यांची सून ज्यू होती; तिचे अनेक आप्त नाझींनी मारले.

६/ म्हणून या रचनेतील शोक खोटा ठरत नाही. पण तो खरा आहे, एवढ्याने रचनाकार निर्दोषही ठरत नाही. ज्या शहरांच्या वास्तूंसाठी हे सूर झुरतात, त्याच शहरांतून माणसांना मृत्युछावण्यांकडे नेले गेले होते. स्थळाची स्मृती काय जपते, याबरोबरच ती कशाविषयी मौन पाळते, हेही अभ्यासावे लागते.

७/ २५ जानेवारी १९४६ रोजी झुरिकमध्ये पाउल साखर यांच्या संचालनाखाली ही रचना प्रथम सादर झाली. श्ट्राउस १९४९ मध्ये निवर्तले. म्युनिकचे नाट्यगृह पुन्हा उभे राहून खुले झाले, ते १९६३ साली.