भीड, बाक आणि बस

दोन वर्षांपूर्वी बाबा शाळेतून निवृत्त झाले. नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये समारंभ होता. सूत्रसंचालकांनी माईकवरून पुकारलं, "आता चिरंजीव दोन शब्द बोलतील." आणि चिरंजीव कुठे? जिन्यात! बंद मोबाईल कानाला लावून, महत्त्वाचा कॉल असल्यासारखे. घरी आल्यावर बाबा काहीच बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

आपल्याकडे सभाधीट माणसाचं भारी कौतुक. उरलेले आपण भिडस्त, बुजरे, मुखदुर्बळ. वर 'भीड भिकेची बहीण' हे ऐकवायला सगळे तयार. लहानपणी मे महिन्यात बाबांचं बोट धरून गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला जायचो, तेव्हा वक्ता मला वेगळ्याच मातीचा वाटायचा. आधी भीती घालवायची, मग बोलायचं, असाच क्रम डोक्यात बसला होता. जिन्यातल्या त्या प्रसंगानंतर वाचायला लागलो, तेव्हा कळलं की हा क्रम उलटाही असू शकतो. त्याचा इतिहास मोठा मजेशीर आहे.

१९३३ साल, न्यूयॉर्क. अल्बर्ट एलिस नावाचा १९ वर्षांचा मुलगा. मुलींशी बोलायचं म्हटलं की याची बोबडी वळायची. शेवटी त्याने स्वतःला गृहपाठ दिला : ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसायचं आणि एका मिनिटात बोलायला सुरुवात करायची. तो १३० जणींजवळ बसला. ३० जणी उठून गेल्या. १०० जणींशी बोलणं झालं. एकीने भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही! आपल्या भाषेत सांगायचं तर सगळे टेस्ट केस फेल. पण एलिसच्या लक्षात आलं, की शंभर वेळा नकार मिळूनही आभाळ कोसळलं नाही.

पुढे मानसशास्त्रज्ञ झाल्यावर त्यांनी १९५५ मध्ये विवेकनिष्ठ मानसोपचार मांडला, तेच आजचं आरईबीटी. त्यातली मला सगळ्यात भावलेली गोष्ट म्हणजे विनाअट आत्मस्वीकार. माझं भाषण फसलं म्हणजे भाषण फसलं, मी माणूस म्हणून फसलो नाही. लोकांची लाज वाटते ना? मग बसमध्ये मोठ्याने थांब्यांची नावं पुकारा, असे गृहपाठ ते देत. कित्येक वर्षं दर शुक्रवारी रात्री ते प्रेक्षकांतल्या कुणाला तरी मंचावर बोलवून सगळ्यांसमोर त्याच्या अडचणीवर बोलत. माणसांची भीती माणसांतच कमी होणार, हे त्यामागचं साधं गणित.

हा विचार आपल्याकडे आणण्यात मुंबईच्या कि. मो. फडके यांचा मोठा वाटा. एलिस यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार तीन दशकांहून अधिक काळ चालला. ई-मेल नव्हतं तेव्हा! डॉ. अंजली जोशी यांच्या 'मी अल्बर्ट एलिस' या पुस्तकामुळे एलिस मराठी घरांत पोचले. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आयपीएच संस्थेनेही हा विचार मराठीत रुजवला.

दरम्यान अमेरिकेत १९८० मध्ये या भीतीला 'सोशल फोबिया' म्हणून आजारांच्या अधिकृत यादीत जागा मिळाली. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९७८ मध्ये, स्टीव्हन हेज हे मानसशास्त्राचे प्राध्यापक विभागाच्या बैठकीत बोलायला गेले आणि तोंडातून आवाजच फुटेना. म्हणजे बघा, डॉक्टरच जिन्यात! त्यातून त्यांची स्वीकारावर आधारलेली पद्धत उभी राहिली, 'ॲक्ट'. एलिस चुकीच्या विचाराशी वाद घालायला सांगतात. हेज म्हणतात, वादही नको, त्याला बडबडू दे. त्यांच्या पद्धतीतलं एक उदाहरण बसचं आहे. सीबीएसहून नाशिकरोडला निघालेल्या सिटी बसचे तुम्ही ड्रायव्हर आहात. मागचे प्रवासी ओरडतायत, "पचका होणार, वळव गाडी!" त्यांना उतरवत बसलात तर बस जागीच उभी. ऐकून वळलात तर नाशिकरोड राहिलं. म्हणून त्यांच्यासकट चालवायची.

हीच पद्धत गटात कितपत चालते, हे कॅनडात नॅन्सी कोकोव्स्की, जॅन फ्लेमिंग आणि सहकाऱ्यांनी तपासलं. १३७ जणांवरचा त्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही जण स्वीकाराच्या गटात, काही विचार बदलण्याच्या जुन्या पद्धतीच्या गटात, उरलेले प्रतीक्षा यादीत. दोन्ही गटांना प्रतीक्षा यादीपेक्षा स्पष्ट फायदा झाला आणि दोन्ही पद्धती जवळपास सारख्याच ठरल्या. म्हणजे स्वीकार हा काही चमत्कार नाही. पण 'आधी भीती घालव' ही अट न घालताही माणूस सुधारतो, हे मला फार दिलासा देऊन गेलं. (त्रास रोजच्या जगण्याच्या आड येत असेल तर मात्र ब्लॉग वाचत बसू नका, तज्ज्ञाला भेटा.)

असो. गेल्या शनिवारी घरी गेलो तेव्हा बाबांना त्या कॉलबद्दल खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "मला वाटलं केटररचा फोन आहे. मी आपला जेवणाच्या काळजीत!"

पुढच्या महिन्यात त्यांची एकसष्टी आहे. बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव मीच लिहून आलोय. हे टाईप करतानाही पोटात गोळा आलाय. आणि हो, मोबाईल आईकडे देऊन ठेवणार आहे.