अरबी व्याकरणाच्या पातळीचे मूल्यमापन

अरबी व्याकरणाच्या पातळीचे मूल्यमापन म्हणजे अरबी ही परकीय भाषा म्हणून शिकणाऱ्या व्यक्तीला त्या भाषेचे व्याकरण कितपत अवगत झाले आहे, हे ठरविण्याची प्रक्रिया होय. अभ्यासवर्गात प्रवेश देताना, परीक्षा घेताना आणि स्वतः अभ्यास करणाऱ्याला पुढील पुस्तक निवडताना तिचा उपयोग होतो. अनेक भाषांत आधी वाचता येते आणि व्याकरण मागाहून समजते. अरबीत हा क्रम बऱ्याच अंशी उलटा आहे. तेथे ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत; वाचकाने ते व्याकरणाच्या व संदर्भाच्या आधारे स्वतः भरावयाचे असतात.

लिपी आणि व्याकरणाचा संबंध

क, त आणि ब ही तीन अक्षरे स्वरचिन्हांविना लिहिली असता तो शब्द 'कतब' (त्याने लिहिले), 'कुतिब' (लिहिले गेले), 'कुतुब' (पुस्तके) किंवा 'कत्तब' (लिहावयास लावले) असा कोणत्याही प्रकारे वाचता येतो. वाक्यातही हीच अडचण येते. 'सअल' (विचारले) या क्रियापदापुढे 'अल्-मुदर्रिस' (शिक्षक) आणि 'अत्-तालिब' (विद्यार्थी) ही दोन नामे आली, तर कोणी कोणाला विचारले हे शेवटच्या ऱ्हस्व स्वरावरून निश्चित होते. 'उ' स्वर घेणारे नाम कर्ता, 'अ' स्वर घेणारे कर्म. कागदावर मात्र दोन्ही वाक्ये सारखीच दिसतात.

शब्दान्ती होणाऱ्या या बदलाला 'इअराब' म्हणतात. नामांना 'रफअ', 'नस्ब' व 'जर्र' अशा तीन अवस्था असून त्या स्थूलमानाने संस्कृतातील प्रथमा, द्वितीया व षष्ठी यांच्याशी ताडून पाहता येतात. अपूर्ण क्रियापदाला जर्र नसतो. त्याऐवजी 'जज्म' ही अवस्था असते. संस्कृत शिकलेल्या मराठी वाचकाला द्विवचनही अपरिचित वाटत नाही.

नह्व आणि सर्फ

अरबी व्याकरणाच्या दोन मुख्य शाखा आहेत. 'नह्व'मध्ये वाक्यरचना व इअराब येतात, तर 'सर्फ'मध्ये धातूपासून शब्द कसे घडतात याचा विचार होतो. विद्यार्थ्याची प्रगती दोन्ही शाखांत सारखी असेलच असे नाही, म्हणून त्या स्वतंत्रपणे तपासणे इष्ट ठरते.

सर्फची सोपी परीक्षा शब्दकोशात होते. हान्स वेर यांच्या प्रसिद्ध कोशासह बहुतेक प्रमाण अरबी कोश धातुक्रमाने रचलेले आहेत. 'इत्तसल' (संपर्क साधला) हा शब्द 'व-स-ल' या धातूखाली आणि 'यकिफु' (तो थांबतो) हा 'व-क-फ' या धातूखाली शोधावा लागतो. दोन्ही रूपांत आद्य 'व' दिसत नाही. ज्याला तो आपणहून भरून काढता येतो, त्याने दुर्बल धातूंचे प्रकरण पचविले आहे असे मानण्यास हरकत नाही. मराठीत रुळलेले 'वसूल' आणि 'वक्फ' हे शब्द याच दोन धातूंचे आहेत. 'हासील', 'महसूल' आणि 'तहसील' हेही एकाच 'ह-स-ल' धातूचे: पहिले कर्तृवाचक विशेषण, दुसरे कर्मवाचक, तिसरे दुसऱ्या गणातील क्रियावाचक नाम. या तीन शब्दांचे साचे ओळखून दुसऱ्या धातूपासून तशीच रूपे घडविता येणे, ही प्राथमिक पातळी ओलांडल्याची खूण समजता येईल.

झाकल्या जाणाऱ्या चुका

लेखी परीक्षेची मोठी मर्यादा अशी की स्वरचिन्हे न घालता लिहिलेल्या उत्तरात इअराबच्या बहुसंख्य चुका दिसतच नाहीत. मोजक्या ठिकाणीच त्या उघड्या पडतात. 'इन्न' या अव्ययानंतर 'मुदर्रिसून'चे 'मुदर्रिसीन' व्हावे लागते. 'लम' या नकारानंतर 'यक्तुबून'मधील अंत्य 'न' गळतो. अनिश्चित नामाच्या नस्ब अवस्थेत बहुधा शेवटी अलिफ लिहावा लागतो. प्रश्नपत्रिका तयार करणारे वारंवार याच जागा निवडतात, ते यामुळेच.

मोठ्याने वाचून घेतल्यास अधिक समजते. तरी तेथेही पळवाट आहे. विरामस्थानी अंत्य स्वर न उच्चारणे नियमसंमत असल्याने प्रत्येक शब्दावर थांबत गेलेला वाचक चुकत नाही. 'सक्किन, तस्लम' (स्वर गाळ, सुरक्षित राहा) हे अरबीतील प्रचलित वचन या युक्तीवरच बेतलेले आहे. अशा वाचकाची पातळी ठरविण्यासाठी त्याला संपूर्ण स्वरांसह वाचावयास सांगून मधूनच 'येथे हा स्वर का?' असे विचारणे आवश्यक असते.

संख्यावाचक शब्दांची गोष्ट निराळी. ३ ते १० या संख्या मोजल्या जाणाऱ्या नामाच्या विरुद्ध लिंगाचे रूप घेतात. पाच पुरुष 'खम्सतु रिजालिन', तर पाच स्त्रिया 'खम्सु निसाइन'. मनुष्येतर अनेकवचनी नामांना स्त्रीलिंगी एकवचनी विशेषण लागते, म्हणून पुस्तके 'नवीन' नव्हे तर जणू 'नवी' असतात. हे नियम प्रारंभीच शिकविले जातात, पण प्रगत विद्यार्थीही घाईच्या बोलण्यात ते विसरतात. नियम माहीत असणे आणि तो अंगवळणी पडणे यांतील अंतर येथे स्पष्ट दिसते.

पारंपरिक पद्धती

पारंपरिक शिक्षणात पातळी ग्रंथावरून सांगितली जाते. इब्न आजुर्रूम (मृत्यू १३२३) यांची 'आजुर्रूमिया' ही छोटी पुस्तिका प्रारंभासाठी, तर इब्न मालिक (मृत्यू १२७४) यांची सुमारे हजार श्लोकांची 'अल्फिया' प्रगत अभ्यासासाठी वापरली जाते. भारतीय मदरशांतील दर्स-ए-निजामी अभ्यासक्रमात 'नह्व मीर', 'हिदायतुन्नह्व' आणि इब्न अल्-हाजिब (मृत्यू १२४९) यांची 'काफिया' असा चढता क्रम आढळतो. परीक्षेत वाक्यातील प्रत्येक पदाचे कार्य, अवस्था आणि त्या अवस्थेची खूण सांगावी लागते. या पद्धतीत अंदाजाला जागा उरत नाही. परंतु तिच्यातून पदच्छेदाचे कौशल्य कळते, भाषेचा वापर कळत नाही.

आधुनिक विद्यार्थीही 'अमुक भाग पूर्ण केला' अशीच पातळी सांगतात. तमिळनाडूतील वानियंबाडी येथे जन्मलेले व्ही. अब्दुर रहीम यांची मदीना येथील इस्लामी विद्यापीठासाठी रचलेली तीन भागांची पाठ्यपुस्तके या संदर्भात विशेष परिचित आहेत. भाग संपविणे हा श्रमाचा पुरावा असला, तरी पातळीचा पुरावा ठरत नाही.

आधुनिक श्रेणी

युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सामायिक संदर्भ चौकटीत ए१ ते सी२ अशा सहा पातळ्या आहेत. तिच्यात व्याकरणाच्या अचूकतेची स्वतंत्र मापनपट्टी आहे, पण ती कोणत्याही एका भाषेसाठी नाही. परिचित प्रसंगी बऱ्यापैकी अचूकता राखता येणे ही बी१ची अपेक्षा आहे, तर लक्ष दुसरीकडे गुंतले असतानाही गुंतागुंतीच्या भाषेवर ताबा टिकणे ही सी२ची. अरबीत इअराब कोणत्या पातळीला अपेक्षित धरावा, याचे उत्तर त्या चौकटीत मिळत नाही. ते प्रत्येक संस्था आपल्या परीने ठरविते, त्यामुळे एका ठिकाणचा बी१ दुसऱ्या ठिकाणच्या बी१शी जुळेलच याची खात्री नसते.

द्विभाषिक स्थिती

अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ मध्ये भाषेच्या दुहेरी रूपांविषयी लिहिलेल्या प्रसिद्ध लेखात अरबी हे एक प्रमुख उदाहरण आहे. बोलीभाषांत इअराब जवळजवळ लोप पावला असून द्विवचनाचा वापरही मर्यादित झाला आहे. परिणामी, आखाती देशांत नोकरी करून कोकणात परतलेली व्यक्ती बाजारात व कार्यालयात सहज अरबी बोलत असूनही वृत्तपत्रातील उताऱ्याला स्वर देऊ शकत नाही, असे घडू शकते. उलट, 'काफिया' शिकलेला विद्यार्थी तोच उतारा बिनचूक वाचतो, मात्र टॅक्सीचालकाशी बोलताना अडखळतो. एकाच प्रवेशपरीक्षेत एकच गुण दिल्यास दोघेही मधल्या वर्गात जातात आणि तो वर्ग दोघांनाही उपयोगी पडत नाही. यावर उपाय म्हणजे व्याकरणविश्लेषण, स्वरांसह वाचन आणि संभाषण यांचे गुण वेगवेगळे नोंदविणे, आणि संभाषण प्रमाणभाषेत अपेक्षित आहे की बोलीत, हे परीक्षार्थीला आधीच सांगणे.

स्वयंमूल्यमापन

शिक्षकाविना पातळी तपासण्यासाठी ज्याची स्वरचिन्हांकित आवृत्ती उपलब्ध आहे असा उतारा निवडतात, त्याची स्वररहित प्रत वाचून प्रत्येक शब्दाचा अंत्य स्वर लिहितात आणि मग ताडून पाहतात. केवळ चुकांची संख्या मोजण्यापेक्षा त्यांचे वर्गीकरण अधिक बोलके असते. षष्ठीसंबंधात (इजाफा) चुका होत असतील तर प्राथमिक प्रकरणांकडे परतणे योग्य ठरते. 'कान'चे विधेय वाक्यात दूर गेल्यामुळे चूक झाली असेल, तर नवे नियम शिकण्यापेक्षा दीर्घ वाक्यांचे अधिक वाचन उपयोगी पडते.