रात्र कोण ठरवतं?

सूर्य मावळला की रात्र होते, हे भूगोलातलं उत्तर. इतिहासातलं उत्तर वेगळं आहे: सरकार म्हणेल तेव्हा होते!

न्यूझीलंडचंच बघा. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, तिथे संध्याकाळी सहाला पब बंद करायचा नियम आला. युद्धापुरता म्हणून आलेला हा पाहुणा पन्नास वर्षं मुक्काम ठोकून बसला. हेतू उदात्त, नवऱ्यांनी वेळेवर घरी जावं. पण कचेऱ्या सुटायच्या पाचला. मग काय, रात्रभराची तासाभरात! काउंटर बंद व्हायला पाच मिनिटं उरली की एरवीची सज्जन माणसं कशी अंगावर येतात, हे आम्ही बँकवाले रोज बघतो. तिथे तर हातात ग्लास. नवरे वेळेवर घरी पोचले, हे खरं. कोणत्या अवस्थेत, ते बायकांना विचारा. तरीही १९४९ साली जनमत घेतलं, तर लोकांनीच भल्यामोठ्या बहुमताने ‘सहाच असू द्या’ म्हणून सांगितलं. रात्री दहाची मुभा मिळायला १९६७ उजाडलं.

त्याच १९४९ साली पश्चिम बर्लिनमध्ये नेमकं उलटं झालं. हाइन्झ त्सेलरमायर नावाचा हॉटेलवाला व्हिस्कीची बाटली घेऊन अमेरिकन सेनाधिकारी हाउली यांना भेटला आणि पब बंद करायची वेळच रद्द करून आला, असं सांगतात. शेजारी रशियनांचा वाटा. त्यांच्यापुढे आपलं दुकान झगमगीत दिसायला नको का? रात्री अकराला दारं लावायचा हुकूम बर्लिनला पुन्हा मिळाला तो थेट २०२० साली, करोनाच्या साथीत.

आता सेऊलला चला. तिथेही अमेरिकन लष्कर, तिथेही शेजारी कम्युनिस्ट. पण इथे १९४५ साली याच लष्कराने रात्रीची संचारबंदी लावली, आणि पुढे कोरियन सरकारांनी ती हेरांच्या भीतीने चालू ठेवली. बाराच्या ठोक्याआधी घर गाठायचं. नाहीतर पहाटे चारपर्यंत लॉजमध्ये किंवा पोलिसचौकीत. फक्त नाताळच्या आणि वर्षअखेरच्या रात्री सूट. म्हणजे एकाच भीतीने एका शहरात दिवे लावले आणि दुसऱ्यात विझवले.

१९८१ साली सेऊलला १९८८ चं ऑलिंपिक मिळालं आणि जानेवारी १९८२ मध्ये संचारबंदी उठली. पाहुणे येणार म्हटल्यावर दिवाणखान्यातला दिवा आपणही उशिरापर्यंत ठेवतोच. फरक इतकाच, की तिथे घरच्या माणसांना छत्तीस वर्षं तो लावू दिला नव्हता.